छायामत

शेवंता कुमरे माझ्या दालनात आली तेव्हा तिच्या हातात तिचं स्वतःचं मत होतं, कागदावर छापलेलं. मतदानाला अजून तेवीस दिवस बाकी होते.

"मॅडम, हे पोस्टानं आलं," असं म्हणत तिनं घडी उलगडून माझ्यापुढे ठेवली.

'प्रिय मतदार, आपले छायामत नोंदविण्यात आले आहे. तीव्र उष्म्यामुळे आपणास मतदान केंद्रावर येण्याची आवश्यकता नाही. घरीच राहा, सुरक्षित राहा.' खाली राज्य शासनाचा शिक्का.

शेवंता पिपरटोल्याची अंगणवाडी सेविका. मतदार यादीसाठी घरोघरी फिरणारी बीएलओही तीच, केंद्र क्रमांक एकशे चौऱ्याहत्तर. मी कुरुड्याची उपविभागीय अधिकारी, आणि निवडणूक लागल्यापासून या मतदारसंघाची निवडणूक निर्णय अधिकारी. आमची ओळख यादीच्या कामापुरतीच होती. तिच्या यादीत कधी चूक नसायची, एवढं मला माहीत होतं.

"माझ्या यादीत सहाशे बारा नावं. सहाशे बारा कागद आले. लोक मले विचारून राहिले, बाई, आम्ही कवा मत दिलं? आता मी काय सांगू? मलेच नाही मालूम, मी कोणाले दिलं!" ती हसली. मी हसले नाही तशी थांबली. "हे चालते का जी? कायद्यात?"

"बघते," मी म्हणाले.

आदेश माझ्या टेबलावर दुपारी तीन वाजता आला. लोकांच्या घरी कागद आधी पोहोचले होते.

*

मध्येच एकदा विधानसभा बरखास्त झाली होती, तेव्हापासून आमच्या राज्यातल्या निवडणुका उन्हाळ्यात येऊ लागल्या होत्या. आणि उन्हाळा आता पूर्वीचा राहिला नव्हता. पूर्वी आमच्या भागातलं ऊन कोरडं असायचं. पारा शेहेचाळीसवर गेला तरी घाम यायचा, वाळायचा आणि वाळताना अंग थंड करायचा. गेल्या दहाबारा वर्षांत मेअखेरीला समुद्रावरून बाष्प येऊन पूर्वेकडच्या जंगलांवर अडकून राहू लागलं. पाऊस पडायचा नाही, हवा मात्र ओली. अशा हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून आम्ही साध्या पाऱ्याकडे बघणं सोडून दिलं होतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून मोजतात ते 'ओलं तापमान' आता रोज सकाळी जाहीर व्हायचं. ते पस्तीसवर गेलं की धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसून पाचसहा तासांत मरतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकतीस-बत्तीसही पुरतं.

पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत शेजारच्या जिल्ह्यात रांगेत उभी असलेली एकोणतीस माणसं दगावली होती. तेव्हा तिथले जिल्हाधिकारी होते जनार्दन उमाळे. माझी नोकरी त्यांच्या हाताखाली सुरू झाली होती. टिपणी कशी लिहायची, गर्दीसमोर आवाज कसा ठेवायचा, हे मला त्यांनी शिकवलं. आता ते मंत्रालयात प्रधान सचिव होते आणि छायामताची कल्पना त्यांची होती.

आदेश निघाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते कुरुड्याच्या विश्रामगृहात येऊन थांबले. मला बोलावणं आलं.

"अकरा मतदारसंघ, तीस लाख माणसं," ते म्हणाले. "आपत्ती कायद्याखाली मंत्रिमंडळानं निर्णय घेतलाय, प्रत्यक्ष मतदान नाही. छायामतांची बेरीज तयार आहे. निकालावर सही निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचीच लागते. तुझी सही हवी आहे, रेणुका."

"सर, ही मतं आली कुठून?"

त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. तेव्हाही ते मला शिकाऊ समजूनच बोलत होते, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

बारा वर्षांपासून राज्यात 'सेवावाणी' चालू होती. रेशन, दाखला, वीज, दवाखाना, कशाचीही तक्रार असली तर फोन उचलायचा आणि बोलायचं. पलीकडे यंत्र, पण आपल्या बोलीत बोलणारं. माणसं त्याच्याशी तासन्‌तास बोलली. शिव्या दिल्या, रडली, सरकारचं कौतुकही केलं. ते सगळं साठत गेलं. त्यातून यंत्रानं प्रत्येक मतदाराची एक छाया तयार केली. म्हणजे हा माणूस कसा बोलतो, कशावर चिडतो, कुणाचं ऐकतो, आणि समोर चार नावं ठेवली तर बोट कुठे जाईल, याचा एक जिवंत हिशेब.

"आमच्या गावच्या वाण्याकडे मी गेलो की काही न बोलता तो चहाचा पुडा काढून ठेवायचा," उमाळे सर म्हणाले. "तसंच हे. फक्त तीस लाख गिऱ्हाइकांचं. तीन पोटनिवडणुकांत ताडून पाहिलं. बेरजेत अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही."

"आणि एकेका माणसाचं?"

खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "नवातला एक चुकतो. पण चुका दोन्ही बाजूंना सारख्याच होतात, एकमेकींना खाऊन टाकतात. गाव बरोबर येतं."

"म्हणजे गाव बरोबर आणि माणूस चूक."

"माणूस जिवंत, रेणुका," ते म्हणाले. "मी एकोणतीस घरी गेलोय. तू गेली नाहीस."

मग त्यांनी पिशवीतून एक टॅब काढला आणि माझ्या हातात दिला. "तुझे बाबा याच मतदारसंघातले मतदार. त्यांची छाया यात आहे. आठवडाभर राहू दे तुझ्याकडे. बोलून बघ, मग ठरव."

*

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. छत्तीस वर्षं खांबांवर चढले. युनियनचे कार्यकर्ते, दोन पेपर वाचणारे, चहाच्या टपरीवर मंत्र्याला नावं ठेवल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडायचा नाही असे. चार वर्षांपूर्वी त्यांना विसर पडायला लागला. आधी नावं गेली, मग रस्ते गेले, मग मी. आता ते मला 'बाई' म्हणायचे आणि जेवायला वाढलं की शेजारणीचे मानावेत तसे माझे आभार मानायचे.

मी स्वयंपाकघरात टॅब ओट्यावर ठेवला आणि त्यांचं नाव दाबलं.

"कोण, रेणू काय?" टॅब म्हणाला. "जेवली का तू? आवाज काऊन असा येऊन राहिला तुझा?"

मी ओट्याची कड घट्ट धरली. चार वर्षांत मला कुणी रेणू म्हटलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी बोलले. छायेला सगळं ठाऊक होतं. आईच्या आजारपणात मंडळाच्या दवाखान्यात कोणता डॉक्टर उद्धट बोलला, माझ्या पहिल्या नेमणुकीच्या वेळी बाबांनी सेवावाणीवर फोन करून बसचं वेळापत्रक कसं विचारलं होतं, सगळं. बाहेरच्या खोलीत खरे बाबा खुर्चीत बसून शर्टाची बटणं लावायचे आणि काढायचे. एकदा स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकून त्यांनी हाक मारली, "बाई, कोण आलं आहे जी? आवाज ओळखीचा वाटून राहिला."

"कुणी नाही," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

सहाव्या दिवशी मी छायेला विचारलं, "बाबा, सही करू का?"

"किती डिग्री म्हणतेस? बत्तीसच्या वर? उन्हात माणसं नको मारू, पोरी. इलेक्शन काय, दर पाच वर्षांनी येते. कर सही."

हे बाबांचंच उत्तर होतं. त्यांचा धीरगंभीर सूर, त्यांचं 'पोरी'. मला रडू आलं, आणि हलकंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीतला पंखा बंद पडला. रेग्युलेटरचं बटण सैल झालं होतं. मी स्टुलावर चढून बोर्डाचा पत्रा उघडायला गेले, तोच मागून कुणीतरी माझं मनगट पकडलं. बाबा. गेल्या वर्षभरात खुर्चीतून आधाराशिवाय न उठलेले बाबा.

"परमिट कुठी आहे?"

"अहो, घरातलाच बोर्ड आहे—"

"परमिट कोणाच्या नावानं निघालं?" त्यांची पकड सुटेना. "तोंडी सांगितलं कोणी? नाही चढायचं. अभियंता म्हणते म्हणून नाही, मंत्री म्हणते म्हणून नाही. लाइन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा कागद पाह्यजे. तो कागद नाही तं खाली ये."

मी खाली उतरले. त्यांनी मनगट सोडलं, पुन्हा खुर्चीत बसले आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या जी?"

खांबावर माणूस चढायचा असला की उपकेंद्रातून लाइन बंद झाल्याचं परमिट निघतं. तो कागद परत येईपर्यंत लाइन चालू करण्याचा अधिकार कुणालाही नसतो, वरच्या साहेबालाही नाही. लहानपणी हे मी शंभरदा ऐकलं होतं. छायेनं ते मला सांगितलं नाही, कारण सेवावाणीच्या फोनवर बाबा कधी परमिटाबद्दल बोललेच नव्हते.

त्या दुपारी मी कायद्याची पुस्तकं काढून बसले. शिकताना पाठ केलेलं नव्यानं वाचलं. निवडणुकांचं अधीक्षण, निदेशन आणि नियंत्रण आयोगाकडे. राज्य सरकारकडे नाही. अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत माझ्यासारखे अधिकारी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर मानले जातात. त्या काळात माझ्यावर हुकूम चालतो तो आयोगाचा. पगार सरकारचा असला, माणसं मंत्रालयातली असली, तरी लाइन ज्याच्या ताब्यात आहे ते मंत्रिमंडळ नव्हतं. आदेश कितीही चांगल्या हेतूचा असो, जे सरकार स्वतः निवडणुकीला उभं आहे त्यानं मतदान कसं व्हायचं हे ठरवायचं नव्हतं.

मी दोन ओळींचं पत्र मंत्रालयाला लिहिलं: सदर आदेशाची अंमलबजावणी करण्याचा मला अधिकार नाही. आणि चार पानी अहवाल आयोगाला.

उमाळे सरांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते. "तुझी बदली करता आली असती तर केली असती," ते म्हणाले. "आयोगाच्या परवानगीशिवाय आता करता येत नाही. टॅब परत पाठव."

टॅब परत पाठवण्याआधी मी तो चालू केला नाही.

*

आयोगानं आदेश रद्द केला. त्याचबरोबर अकराही निर्णय अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला. विधानसभेची मुदत चौदा जूनला संपत होती आणि उष्मा त्याआधी ओसरायची चिन्हं नव्हती. आपल्या मतदारसंघात प्रत्यक्ष मतदान सुरक्षितपणे घेणे शक्य आहे काय?

मी शेवंताला आणि आणखी दहाबारा बीएलओंना बोलावून घेतलं.

"पहाटे ठेवा नं मॅडम," शेवंता म्हणाली. "आमी तेंदूपत्त्याले पहाटेच जातो. नऊच्या आत घरी. मंग उन्हं उतरल्यावर संध्याकाळी ठेवा. लोक येतील."

"म्हातारी माणसं?"

"त्यायले आणायची गाडी द्या. बाकी मी पाहतो."

तिच्याकडच्या बायका 'मी पाहतो' असंच म्हणतात. मी अहवाल लिहिला: शक्य आहे. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ, मधल्या वेळात यंत्रं सीलबंद, प्रत्येक केंद्रावर बर्फ, मीठ-साखरेचं पाणी, सावलीचा मांडव. खाली सही केली. अकरांपैकी नऊ जणांनी असंच कळवलं. दोघांनी 'शक्य नाही' लिहिलं. त्यांच्याकडचं मतदान पुढे ढकललं गेलं.

मतदानाच्या दिवशी मी तहसील कार्यालयातल्या नियंत्रण कक्षात होते. एसी होता. पहाटे रांगा लागल्या, पण अपेक्षेपेक्षा कमी. सरकारनं पाठवलेले ते कागद अजून घराघरांत होते. पुष्कळांना आपलं मत पडलंच आहे असं वाटत होतं. बाकीच्यांना वाटत होतं की नऊ वाजता मतदान संपलं. एकशे चौऱ्याहत्तरवर सहाशे बारापैकी एकशे सदतीस.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी सर्व बीएलओंना एक संदेश पाठवला. तो मला पाठ आहे. 'सकाळच्या सत्रातील मतदान अत्यल्प आहे. संध्याकाळच्या सत्राची माहिती आपल्या यादीतील प्रत्येक मतदारापर्यंत पोहोचवावी.'

माझ्या मनात होतं, फोन करून. ते मी लिहिलं नाही.

पिपरटोल्याला चार टोले, म्हणजे वस्त्या, आहेत; त्यांतले दोन नाल्याच्या पलीकडे. तिथे फोन लागत नाही. शेवंता सव्वादहाला निघाली. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात यादी. पहिला टोला, दुसरा टोला. दारोदार सांगत गेली की पाच वाजता या, मत अजून पडायचं आहे, कागदावर जाऊ नका. एक वाजता ओलं तापमान तेहतीस पूर्णांक आठ होतं. दोनच्या सुमाराला चौथ्या टोल्यावर एका घरात ती पाणी मागायला टेकली आणि भलतंच बडबडू लागली. लोकांनी तिला खाटेवर घालून उचललं, नाल्यातून रस्त्यापर्यंत आणलं. गाडी पोहोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

मला कळलं ते पाच वाजून दहा मिनिटांनी. त्याच वेळी पडद्यावर एकशे चौऱ्याहत्तरचे आकडे चढू लागले. संध्याकाळच्या सत्रात तिथे दोनशे एक्कावन्न माणसं आली.

मतदारसंघात त्या दिवशी तीन माणसं गेली. एक म्हातारे गृहस्थ रांगेतून घरी परतल्यावर, एक बाई गाडीत, आणि शेवंता.

मतदान संपल्यावर उमाळे सरांचा फोन आला. "किती?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"घरी जा त्यांच्या," ते म्हणाले. "लवकर जा. मी उशीर केला होता." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रांच्या नोंदवह्या तपासत होते. एकशे चौऱ्याहत्तरच्या वहीत अनुक्रमांक दोनशे तीन, कुमरे शेवंता सोमाजी. समोरचा सहीचा रकाना कोरा. सकाळी मदतीला होती म्हणून तिनं स्वतःचं मत संध्याकाळवर ठेवलं असणार.

मी शेवंताच्या घरी गेले नाही. मतमोजणी होती, मग चौकशी होती, मग न्यायालयातली प्रतिज्ञापत्रं होती. कारणं खरी होती, सगळीच.

*

निकाल लागला. आमच्या मतदारसंघात छायांनी ज्याला निवडलं होतं तोच उमेदवार निवडून आला. छायांच्या बेरजेपेक्षा मताधिक्यात फरक होता शून्य पूर्णांक चार टक्क्यांचा.

छायामत घटनेत बसतं का, यावर दोन वर्षं खटला चालला. सरकारी वकिलांनी तोच आकडा घटनापीठासमोर ठेवला. "माय लॉर्ड्स," ते म्हणाले, "तीन माणसं ज्या उत्तरासाठी मेली, ते उत्तर आमच्याकडे तेवीस दिवस आधी तयार होतं." मी मागच्या बाकावर होते. निकालपत्रात न्यायमूर्तींनी लिहिलं की मत हे मतदाराविषयीची माहिती नाही, ते मतदाराचं कृत्य आहे, आणि ते त्याच्या वतीनं करण्याचा अधिकार राज्यघटनेनं कोणत्याही सरकारला दिलेला नाही. सद्हेतूनं नाही, आपत्तीतही नाही. छाया नष्ट कराव्यात. ज्या अधिकाऱ्यांनी आदेश नाकारला त्यांचा निकालपत्रात नावानं उल्लेख झाला. माझं नाव परिच्छेद एकशे बारामध्ये आहे. लोक अभिनंदन करतात तेव्हा मी मान हलवते.

छाया नष्ट करताना प्रत्येक मतदारसंघाचा निर्णय अधिकारी साक्षीदार म्हणून लागणार होता. राजधानीतल्या एका थंड इमारतीत मी गेले. यंत्रावर बसलेल्या तंत्रज्ञ बाईंनी माझ्या मतदारसंघाची यादी उघडली. "काही पाहायचंय का, मॅडम? तुमच्या आधी येऊन गेलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या वडिलांशी बोलून घेतलं."

बाबा घरी होते, अजून खुर्चीत बसत होते. त्यांच्या छायेचं नाव यादीत दिसलं. मी पुढे सरकायला सांगितलं. मग म्हणाले, "एकशे चौऱ्याहत्तर. अनुक्रमांक दोनशे तीन."

हेडफोन कानाला लावताना मला माहीत होतं की हे करायला नको.

"हां मॅडम, बोला जी."

मी तिला सगळं सांगितलं. अहवाल, संदेश, न लिहिलेला शब्द. यंत्रानं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या आवाजात म्हणालं, "तुमची काय चूक आहे मॅडम? मीच म्हटलं होतं नं, पहाटे ठेवा म्हणून. तुमी जीवाले लावून नका घेऊ."

किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. खांद्यावरून काहीतरी उतरलं. मी डोळे मिटून बसले, आणि तसंच बसून राहिले असते. पण मग माझ्या मनात आलं, ही शेवंता एप्रिलपर्यंतची आहे. सेवावाणीवरच्या तिच्या शेवटच्या फोनपर्यंतची. हिला ऊन लागलेलं नाही. ही नाल्यापलीकडे गेलेली नाही. जी गेली ती मला काय म्हणाली असती, हे या जगात कुणालाच ठाऊक नाही.

मी हेडफोन काढला. तंत्रज्ञ बाईंनी कळ दाबली. पडद्यावरची यादी रिकामी व्हायला अकरा सेकंद लागले.

*

त्यानंतरच्या आठवड्यात मी पिपरटोल्याला गेले. सोबत कुणी नव्हतं, सरकारी गाडीही नव्हती. ऑगस्ट होता, धानाची रोवणी आटोपत आली होती. सोमाजी कुमरे, शेवंताचा नवरा, बांधावर चिखलाचे पाय धूत होता. त्यानं मला ओळखलं. घरात नेलं, खाटेवर बसवलं, पाणी दिलं. स्वतः उंबऱ्याशी उकिडवा बसला.

"दोन वर्सं झाली," तो म्हणाला. त्यात विचारणं नव्हतं.

"हो."

"एक सांगाल का? ते मेसेज आलं होतं तिले, मोबाइलवर. साऱ्याइले सांगा म्हणून. मी वाचून पाह्यलं मागून. ते कोणी धाडलं होतं?"

वाटेत मी यावर पुष्कळ वाक्यं जुळवली होती. "मी," एवढंच म्हणाले.

बाहेर कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं रिकामा पेला उचलला, पुन्हा भरला, माझ्यापुढे ठेवला.

"तिचं नाव अजून यादीत येते," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात चिठ्ठी आली. ग्रामपंचायतीच्या इलेक्शनची. शेवंता सोमाजी कुमरे, वय एकेचाळीस. कोणी काढतच नाही."

मेलेल्यांची नावं काढण्याचं काम बीएलओचं असतं. पिपरटोल्याला दोन वर्षं बीएलओ नव्हता.

माझ्या पिशवीत नाव वगळण्याचा अर्ज होता. नोकरीतली सवय, चार कोरे अर्ज नेहमी जवळ असतात. मी तिथेच बसून भरला. मतदाराचं नाव. अनुक्रमांक. वगळण्याचं कारण: मृत्यू. अर्जदार: पती. खाली पडताळणी करणाऱ्याच्या जागी मी माझं नाव लिहिलं. सोमाजीनं सही केली, हळूहळू, एकेक अक्षर जोडत.

मग त्यानं दुसऱ्या कोऱ्या अर्जाकडे बोट दाखवलं. "तो बी भरा. माझ्या नावाचा."

"कशाला?"

"माझं बी नाव काढा. मी नाही जाणार आता कवाच."

"न जाणं तुमच्या हातात आहे, दादा. कुणी बळजबरी करू शकत नाही. पण नाव काढता येत नाही. तुम्ही जिवंत आहात, इथेच राहता. नाव काढायला कारण लागतं."

"कारण आहे नं," सोमाजी म्हणाला.

मी अर्ज हातात घेतला. मृत्यू. स्थलांतर. दुबार नोंद. अपात्रता. चारही ओळी मी पुन्हा एकदा वाचल्या, जणू पाचवी कुठे राहून गेली असेल. तो उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होता, मी लिहायला लागण्याची वाट बघत.